विलायतेतला हौद आणि परका माणूस

आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सारी भावंडे मोठे चाचा म्हणत असू, १९६४ साली मुंबईहून बोटीने विलायतेला गेले आणि लँकेशरमधील एका सूतगिरणीत रात्रपाळीला लागले. महाड तालुक्यातला, सावित्रीच्या काठी वाढलेला माणूस. भरतीच्या पाण्यात उडी टाकून पलीकडच्या तीराला जाणे हा त्यांचा लहानपणीचा खेळ. विलायतेत मात्र पाणी नळातून यायचे आणि तेही थंडगार. एका घरात अकरा जण राहत. घराला न्हाणीघर नव्हते. गोऱ्या कामगारांच्या कितीतरी घरांनाही त्या काळी ते नसेच. म्हणून शनिवारी टॉवेल बगलेत मारून सारे सार्वजनिक स्नानगृहात जात. तिथे पैसे भरले की एक खोली, एक टब, साबणाचा तुकडा आणि ठरलेला वेळ मिळे.

टबातल्या त्या आंघोळीविषयी चाचा शेवटपर्यंत तक्रार करीत राहिले. "आपलाच मळ आपल्याच अंगाला फासायचा आणि त्याला आंघोळ म्हणायचे!" दुसऱ्या शनिवारपासून ते पत्र्याचा डबा सोबत नेऊ लागले. टबातून उठायचे, नळाखाली डबा भरायचा आणि अंगावर तीन वेळा ओतायचा; मगच गुसल पुरे झाल्याचे समाधान. त्याच इमारतीत दुसऱ्या दाराने आत गेले की पोहण्याचा मोठा हौद होता. दाराच्या काचेतून निळे पाणी दिसे. सावित्री पोहून जाणारे आमचे चाचा दोन वर्षे त्या काचेतून नुसते बघत राहिले. "कुणी अडवले होते का?" आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, "नाही बेटा. अडवले कुणीच नाही. पण 'या' म्हणणाराही कुणी नव्हता."

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पुस्तकात तह असतात, लढाया असतात, सनावळ्या असतात. हौदाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा इतिहास नसतो. चाचांच्या त्या एका वाक्यामुळे आम्ही जे हाती लागेल ते वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. ज्या सार्वजनिक स्नानगृहाच्या दारात परका माणूस आजही बिचकतो, ते उभे करण्यात परक्यांचा हात फार मोठा आहे.

सुरुवात पाटण्यापासून करावी लागते. १७५९ साली तिथे जन्मलेला दीन महंमद हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत गॉडफ्रे बेकर या अधिकाऱ्याच्या आश्रयाला होता. बेकर परत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तोही १७८४ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरी पोहोचला. तिथे त्याने जेन डॅली या आयरिश मुलीशी लग्न केले आणि १७९४ मध्ये स्वतःच्या प्रवासाचे पुस्तक छापले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. लंडनमध्ये १८१० साली त्याने हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले आणि दोन वर्षांत दिवाळे निघाले. (आज विलायतेत गल्लोगल्ली हिंदुस्थानी खानावळी आहेत. बिचारा फार लवकर गेला.) मग १८१४ मध्ये तो ब्रायटनच्या समुद्रकिनारी गेला. तिथे त्याने जे केले त्यात नवीन असे काहीच नव्हते. आपल्याकडचा चंपीवाला जे करतो तेच त्याने वनस्पतींच्या वाफेची जोड देऊन केले. 'शाम्पू' हा शब्द त्या चंपीतूनच आला.

त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. वाफ घेणाऱ्याभोवती फ्लॅनेलचा तंबू असे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत आणि मालीश करणारा बाहेरून त्या बाह्यांत हात घालून अंग रगडी. झाकणेही झाले आणि उपचारही झाला. स्त्रियांच्या विभागावर जेनची देखरेख असे. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या तिथे टांगून ठेवलेल्या असत. राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्यामागून चौथा विल्यम या दोघांनीही दीन महंमदाला आपला शाम्पू-वैद्य नेमले. दीन महंमदाने तिकडे अँग्लिकन पंथ स्वीकारला होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण नाव बदलले नाही. ब्रायटनच्या किनाऱ्यावर ते 'महंमदचे स्नानगृह' म्हणूनच उभे राहिले. १८५१ मध्ये तो तिथेच वारला.

दीन महंमदाने जिथे संसार मांडला त्या कॉर्कजवळच, ब्लार्नी येथे, १८५६ साली डॉक्टर रिचर्ड बार्टर यांनी डेव्हिड अर्कहार्टच्या सल्ल्याने हम्माम बांधला. अर्कहार्ट तुर्कस्तानात राहून आलेला मुत्सद्दी. त्याच्या प्रवासवर्णनात मोरोक्को आणि तुर्कस्तानच्या हम्मामांचे कौतुक होते आणि ते वाचून बार्टर भारावले होते. पुढे ब्रिटनभर शेकडो 'टर्किश बाथ' निघाले. इस्तंबूलचा हम्माम लँकेशरच्या गिरणगावात पोहोचला तो असा, आमच्या चाचांच्या शंभर वर्षे आधी.

पण हा झाला पैसेवाल्यांचा शौक. गरिबाच्या अंगावर पाणी कुणी घातले? ती कहाणी लिव्हरपूलची, आणि तिची नायिका किटी विल्किन्सन. आयर्लंडातल्या डेरी शहरात १७८६ मध्ये जन्मलेली, लहानपणी समुद्र ओलांडून आलेली, मोलमजुरी करणारी बाई. १८३२ मध्ये पटकीची साथ आली तेव्हा तिच्या गल्लीत पाणी तापवण्याचा बंब फक्त तिच्या घरी होता. तिने तो शेजाऱ्यांना खुला केला. रोग्यांचे कपडे, अंथरुणे तिच्या तळघरात उकळून निघू लागली. त्यातून १८४२ मध्ये शहराने फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुण्याचे आणि न्हाण्याचे घर बांधले. चार वर्षांनी पार्लमेंटने कायदा करून गावोगावच्या स्थानिक मंडळांना करातून अशी घरे बांधण्याची मुभा दिली. थंड पाण्याची आंघोळ एक पेनी, गरम पाण्याची दोन. १८७८ च्या दुरुस्तीने बंदिस्त पोहण्याचे हौद बांधण्यालाही चालना मिळाली. हीच ती परंपरा, जिच्या एका इमारतीत चाचा डबा घेऊन शिरले.

या हौदांमध्ये 'सार्वजनिक' शब्दाचा अर्थ काय होता, तो मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सवर वाचता येतो. अक्षरशः वाचता येतो, कारण तो दगडात कोरलेला आहे. १९०६ मध्ये उघडलेल्या या देखण्या इमारतीला तीन दारे: पुरुष प्रथम वर्ग, पुरुष द्वितीय वर्ग, आणि स्त्रिया. आत तीन हौद. पाणी एकच. ते आधी प्रथम वर्गाच्या पुरुषांच्या हौदात, तिथे वापरून झाले की द्वितीय वर्गाच्या, आणि सर्वांत शेवटी बायकांच्या हौदात जाई. आमच्या नववीच्या मुलींना हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मिस, घरी न्हाणीघराचा नंबर असाच लागतो." वर्ग हसला. आम्हीही हसलो.

विनोद बाजूला ठेवू. यातली महत्त्वाची गोष्ट ती तीन दारे. स्त्री-पुरुषांनी एका हौदात उतरणे ही गोष्ट त्या काळच्या इंग्रजाला अजिबात मान्य नव्हती. जिथे हौद एकच, तिथे बायकांसाठी आठवड्यातला एखादा दिवस किंवा एखादी दुपार राखून ठेवत. व्हिक्टोरिया बाथ्समध्ये मिश्र पोहणे १९१४ मध्ये सुरू झाले. लंडनच्या हाईड पार्कमध्ये मजूर पक्षाचे मंत्री जॉर्ज लान्सबरी यांनी सर्पेंटाइन तळ्यावर स्त्री-पुरुष-मुले सर्वांसाठी घाट खुला केला तो १९३० साली, आणि तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. उलट त्याच शहरात हॅम्पस्टेडच्या माळावर १९२० च्या दशकात केवळ बायकांसाठी एक तळे राखले गेले. ते मुसलमान बायकांनी मागितले नव्हते. इंग्रज बायकांना पुरुषांच्या नजरेविना पोहायचे होते, एवढेच. म्हणजे बायकांचा वेगळा वेळ ही युरोपची आपली, घरची, आजीच्या काळापर्यंतची रीत. पुढे ती सुटली, आणि सुटल्यावर दुसऱ्या कुणी मागितली की ती 'परक्यांची मागणी' ठरू लागली.

परका कोण, हेही काही जन्माने ठरत नाही. १९३३ नंतर जर्मनीतल्या एकामागून एक शहरांनी ज्यूंना सार्वजनिक तलावांतून मज्जाव केला. ते लोक तिथलेच होते, पिढ्यानपिढ्यांचे. ऑस्ट्रेलियात मोरी नावाच्या गावी तर मूळ रहिवाशांनाच नगरपालिकेच्या हौदात येऊ देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स हा मूळ रहिवासी विद्यार्थी सिडनी विद्यापीठातल्या आपल्या सोबत्यांची बस घेऊन तिथे गेला आणि लहान मुलांना घेऊन हौदाच्या दारात उभा राहिला. जमावाने अंडी फेकली. पण दार उघडावे लागले. आपल्या मुंबईत ब्रीच कँडीचा तलाव स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे युरोपियनांपुरताच होता. मुंबईकर आपल्याच शहरात पाण्याच्या काठावरचा परदेशी!

आणि महाडच्या माणसाला यातले काहीही नवे वाटू नये. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले; तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत येण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी तिथवर चालत जावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी गावात जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांकडून मिळाली. हे आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. आमचे वाडवडील तिथे पाणी भरत होते आणि शेजारचा माणूस तहानलेला उभा होता. 'या' न म्हणणाऱ्यांत तेव्हा आम्हीही होतो. चाचांचे वाक्य आठवले की हे तळेही आठवते.

मोरीच्या त्या घटनेनंतर काही महिन्यांनीच, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटनने वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा केला. कोणकोणत्या ठिकाणी रंगावरून भेद करता येणार नाही, याची त्यात यादी आहे: हॉटेल, उपाहारगृह, नाटकगृह, नृत्यगृह, क्रीडांगण आणि, स्पष्ट शब्दांत, पोहण्याचा तलाव. कायद्यात एखादा शब्द उगाच येत नाही. नोकरी आणि घरभाडे मात्र त्या यादीत नव्हते. त्यासाठी १९६८ उजाडावे लागले. म्हणजे तीन वर्षे अशी गेली की काळ्या-सावळ्या माणसाला हौदात उतरण्याचा कायदेशीर हक्क होता, भाड्याने खोली मिळण्याचा नव्हता. चाचा १९६६ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हौदात उतरले. कायद्याविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते. गिरणीतल्या एका आयरिश जोडीदाराने ओढून नेले म्हणून गेले. सावित्रीची सवय, सूर मारला तो पलीकडच्या भिंतीला जाऊनच वर आले. काठावरच्या गोऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे. पाण्यात औषधाचा वास फार, ही तक्रार त्याला जोडलेली असेच.

पुढच्या पिढीचा प्रश्न वेगळा झाला. तो रंगापेक्षा कपड्याचा आणि मुलींचा. याबाबत वर्तमानपत्रांतून येते ते अर्धवट असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये एका तुर्की बापाचे म्हणणे मान्य करून त्याच्या मुलीला शाळेतल्या मिश्र पोहण्यातून सूट दिली. पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका कुटुंबाच्या बाबतीत आपला निर्णय फिरवला. मग बाझल शहरातील एका जोडप्याने आपल्या दोन लहान मुलींना मिश्र तासाला पाठवायचे नाकारले. त्यांना एकूण १४०० फ्रँक दंड झाला आणि प्रकरण स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. १० जानेवारी २०१७ चा निकाल असा की धर्मस्वातंत्र्यात हस्तक्षेप झाला खरा, पण तो समर्थनीय आहे. कारण शाळेत मूल नुसते पोहायला शिकत नाही, सर्वांबरोबर शिकते. शाळेने अंगभर पोशाखाची मुभा दिली होती, कपडे बदलायला आडोसाही दिला होता. जर्मनीत २०१३ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने फ्रांकफुर्टमधील एका मुलीला जवळपास हेच सांगितले: बुर्किनी घाल, पण तासाला ये. ही बुर्किनी २००४ मध्ये तयार केली अहेदा झनेट्टी यांनी. लेबनॉनमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात वाढलेली बाई.

आता गंमत पाहा. जी बुर्किनी जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये तडजोड ठरली, तीच फ्रान्समध्ये गुन्हा ठरू लागली. २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या अनेक नगरपालिकांनी तिच्यावर बंदी घातली. त्यांपैकी एका गावची बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्टला उठवली. पण हौदाच्या बाबतीत त्याच न्यायालयाने उलटा कौल दिला. ग्रेनोबल शहराने मे २०२२ मध्ये अवघ्या दोन मतांच्या फरकाने तलावांत हा पोशाख चालेल असा नियम केला. २१ जून रोजी न्यायालयाने तो रोखून धरला. एका गटासाठी नियमाला अपवाद केला तर सर्वांना समान सेवा देण्यात बाधा येते, असे त्याचे म्हणणे. फ्रान्सच्या तलावात सैल कपडा पुरुषालाही चालत नाही, हेही खरे. चाचांचा नातू सुटीत तिकडे गेला असता गुडघ्यापर्यंतची चड्डी घातली म्हणून त्याला काठावरूनच परत पाठवले. तोकडी, अंगाला चिकटणारी चड्डी तिथल्याच यंत्रातून विकत घ्यावी लागली. पोरगा लाजेने अर्धा तास पाण्यातून वर आला नाही!

शिक्षक म्हणून आमचे मत विचाराल तर त्या बाझलच्या मुलींना आम्ही पाठवले असते. अंगभर कपडे घालून, पण पाठवले असते. पाणी मुलगा-मुलगी पाहून बुडवत नाही. परंतु पाठवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या आजीची तीन दारे विसरावीत आणि दुसऱ्याच्या हयेला मागासलेपणा म्हणावे, हेही आम्हाला पटत नाही. आणि आपल्या माणसांकडे बोट दाखवायचे तर जानेवारी २०१६ मधले जर्मनीतले बोर्नहाइम गाव आठवावे. तलावावर बायकांना त्रास दिल्याच्या तक्रारी आल्या म्हणून तिथे आश्रयार्थी पुरुषांना सरसकट बंदी झाली. काही दिवसांत ती उठली. सर्वांना एका मापाने मोजणे चूकच होते. पण तक्रार करणाऱ्या बायका खोट्या होत्या, असे म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. त्याच सुमारास जर्मनीच्या जीवरक्षक संघटनेने पाण्याचे नियम अरबीसह अनेक भाषांत, चित्रे काढून छापले. जे पाण्यावाटे जीव वाचवून आले होते, त्यांतल्या कितीकांना पोहता येत नव्हते.

चाचांच्या सूनबाई, आमच्या भाबी, खेडच्या. लग्न होऊन गेल्या तेव्हा पाण्याला घाबरत. लहानपणी विहिरीत पडल्या होत्या; भावांनी ओढून काढले आणि त्यानंतर काठावर जायलाही बंदी. भावांना मात्र त्याच विहिरीत कमरेला दोर बांधून पोहायला शिकवले. विलायतेत प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला पंचवीस मीटर पोहता आले पाहिजे असा अभ्यासक्रमच आहे, त्यामुळे त्यांची मुलगी दहाव्या वर्षी सरसर पोहू लागली आणि आईला चिडवू लागली. गावच्या तलावावर आठवड्यातून एक संध्याकाळ बायकांची. काचांना पडदे, जीवरक्षकही बाई. भाबी जायला लागल्या. तिथे मुसलमान बायकांच्या बरोबरीने गोऱ्या म्हाताऱ्या, शस्त्रक्रिया झालेल्या, लठ्ठपणाने लाजणाऱ्या, अशा कितीतरी जणी येतात. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी भाबींनी पंचवीस मीटर पुरे केले आणि रात्री एक वाजता, इकडची वेळ न पाहता, आम्हाला फोन केला.

आम्हाला पोहता येत नाही. हे लिहायला इतका वेळ लागला. आम्ही नोकरी करतो त्या गावी तलाव आहे. बायकांसाठी स्वतंत्र तासही मिळेल, पण वीस नावे हवीत, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले. परदेशात आपल्या बहिणींना वेगळा तास का देत नाहीत म्हणून तावातावाने बोलणाऱ्या घरांत आम्ही वही घेऊन गेलो. एका ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी "मुलीची जात, कशाला हवे?" असे उत्तर मिळाले, एका ठिकाणी आजीनेच स्वतःचे नाव सांगितले आणि सून गप्प झाली. मागच्या जुम्यापर्यंत चौदा नावे झाली. त्यात पाच हिंदू भगिनी आहेत, दोन नवबौद्ध, आणि अकरावे नाव आमचे. सहा कमी आहेत.

पहिल्या दिवशी काय करायचे असते, म्हणून भाबींना विचारले. त्या म्हणाल्या, "काही नाही गं बाय. कठडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचे आणि बुडबुडे काढायचे. लहान पोरासारखे वाटते. हसू येते. येऊ द्यायचे."